खालच्या मजल्यावरचे स्तोयानोविच: या आडनावाचा अर्थ काय?

चौथा_मजला
मंडळी, एक विचारायचं होतं. व्हिएन्नात राहतो, ओटाक्रिंग भागात. आमच्या इमारतीच्या दाराशी घंट्यांची पितळी पाटी आहे, अठरा बटणं. त्यातल्या सात नावांच्या शेवटी 'इच'. योवानोविच, इलिच, पेत्रोविच, आणखी एक पेत्रोविच (त्यांचा याच्याशी काही संबंध नाही म्हणे), आणि मधेच माझं सात्विक 'सोनटक्के'.
खालच्या मजल्यावर एक सर्बियन आजोबा राहतात. सत्तरच्या दशकात कामगार म्हणून युगोस्लाव्हियातून आले ते इथलेच झाले. मी त्यांना तीन वर्षं 'हेर स्टोजानोविक' म्हणत होतो. परवा जिन्यात त्यांनी थांबवलं, छातीवर बोट ठेवलं आणि सावकाश म्हणाले, "स्तो-या-नो-विच." मी ओशाळलो. विषय बदलायला म्हणून अर्थ विचारला. ते "स्तोयान!" म्हणाले, पायरीवर दोनदा पाय आपटला आणि हसत हसत पिशव्या घेऊन आत गेले.
तर पाय आपटण्याचा अर्थ काय? चिडले नव्हते, एवढं नक्की.

टेनिसवेडा
विच म्हणजे जोकोविचचे भाऊबंद. तिकिटं मिळतात का विचारून घ्या.

खारा_शेंगदाणा
विच म्हणजे चेटकीण. इंग्रजी माध्यमाचा एवढाच उपयोग झाला.

दुरून_डोंगर
विच म्हणजे मुलगा. रशियन लोकांत असतं ना, व्लादिमिरोविच, इवानोविच. तसंच.

रिकामा_डबा
@दुरून_डोंगर तसंच नाही. रशियनमध्ये ते मधलं नाव असतं, आपल्या बापाच्या नावासारखं. आडनाव पुढे वेगळं. सर्बियात तेच आडनाव होऊन बसलंय.

बेलग्रेडवाली_वहिनी
नवऱ्याच्या नोकरीपायी बेलग्रेडला सहा वर्षं काढली. भाषा भाजीबाजारात शिकले, त्यामुळे व्याकरण विचारलंत तर थोडं कांद्या-बटाट्याच्या वासाचं मिळेल.
स्तोयान हे पुरुषाचं नाव. त्याला 'ओव' लावलं की 'स्तोयानचा'. आणि शेवटचा 'इच' हा लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय. म्हणजे स्तोयानोविच हा 'स्तोयानचा छोटा'. आपण म्हणतो ना, "हा बाळूचा बारका का रे?", तेच कागदावर चढलंय. लांडग्याला ते 'वूक' म्हणतात, त्याच्या पिल्लाला 'वूचिच'. हो, त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचं आडनावही हेच.
नावाच्या शेवटी मऊ व्यंजन आलं तर ओवचं 'एव' होतं. कोवाच म्हणजे लोहार, त्याचा कोवाचेविच. पॉप म्हणजे गावातला ऑर्थोडॉक्स पाद्री, त्याचा पोपोविच. पाद्र्याला पोरं कशी, असं कुणी विचारण्याआधी सांगते: त्यांच्यात साधा पाद्री दीक्षेआधी लग्न करू शकतो. बिशप मात्र ब्रह्मचारी साधूंतूनच निवडतात.
आणि @टेनिसवेडा, तुमच्या जोकोविचचं पहिलं अक्षर म्हणजे रोमन डीच्या दांडीला आडवी रेघ. आपल्या 'जेवण'मधला ज त्याच्या जवळ जातो. योवानोविचमधला जे मात्र सरळ 'य'. त्यामुळे पेपरात 'जोवानोविच' दिसलं की माझ्या पोटात कळ येते.

टेनिसवेडा
वहिनी, जोकोविचचा अर्थ सांगा. बाकी चर्चा नंतर.

बेलग्रेडवाली_वहिनी
जॉर्जला ते 'जोर्जे' म्हणतात. जोर्जेचं घरातलं नाव 'जोको'. जोकोचा छोटा तो जोकोविच. जॉर्ज मूळ ग्रीक, अर्थ जमीन कसणारा. म्हणजे तुमचा हिरो शेतकऱ्याचा पोर.

टेनिसवेडा
नोवाक पाटील!! आजपासून हेच.

रिकामा_डबा
नोवाकही गमतीचं आहे. स्लोव्हेनियात आणि चेकमध्ये ते नाव नाही, आडनाव आहे, आणि दोन्हीकडे सगळ्यांत जास्त आढळणारं. 'नोव' म्हणजे नवा, नोवाक म्हणजे गावात नवा आलेला. आपला 'नव' आणि त्यांचा 'नोव' एकाच मुळातले.

धर्मरक्षक_०७
सर्व भाषांची जननी संस्कृत. सर्बियन ही संस्कृतचीच अपभ्रष्ट कन्या. पाश्चात्त्यांनी हे लपवलं.

रिकामा_डबा
@धर्मरक्षक_०७ कन्या नाही हो, चुलत बहीण. दोघींची आजी एक. आणि लपवलेलं काही नाही, कुठल्याही तुलनात्मक व्याकरणाच्या पुस्तकात आहे.

कोकणातला_म्हातारा
चुलत बहीण म्हटल्यावर जमिनीचा वाद आलाच. धागा शंभरी गाठणार.

चौथा_मजला
वहिनी, आभार. पण स्तोयान म्हणजे काय? आणि पाय का आपटला?

बेलग्रेडवाली_वहिनी
अरे हो, मुख्य राहिलंच. 'स्तोयाती' म्हणजे उभं राहणं. पाय आपटून तेच दाखवलं असणार, उभा आहे! बस थांबवायची असली की "स्तोय!" ओरडायचं. मी पहिल्या आठवड्यात ड्रायव्हरकडे बघून मराठीतच 'थांबाथांबा' केलं होतं, तेही चाललं.

रिकामा_डबा
स्तोयातीची जोडी आपल्या 'स्था'शी आहे. स्थान, ठाणं, सगळे त्याच खानदानातले. पण वहिनी, 'उभा' एवढाच अर्थ सांगून सोडून दिलंत तर नावातली खरी गोष्ट निसटते. पोराचं नाव कुणी 'उभा' का ठेवेल?
ज्या घरात पोरं जगत नसत, तिथे पुढच्या मुलाला स्तोयान किंवा स्तांको म्हणत. अर्थ, हा राहू दे. टिकू दे. स्तांकोचा स्तांकोविच, तेही तिकडे भरपूर. झिव म्हणजे जिवंत, त्यावरून झिव्को, त्याचा झिव्कोविच. हा 'झिव' म्हणजे आपला 'जीव'च. आपल्याकडे जिवा नाव होतं, आठवा.

मोरपिशी
अगं बाई! म्हणजे आपले दगडू, धोंडू, केरू. माझ्या आजेसासऱ्यांचं नाव धोंडू होतं. आधीची तीन गेली म्हणून याला देवानं दगड समजून सोडून द्यावं. नथूही तसंच, मुलाचं नाक टोचायचे, मुलगी वाटावी म्हणून.

रिकामा_डबा
@मोरपिशी बरोब्बर. पण एक फरक बघा. आपण देवाला फसवतो, 'हा दगड आहे, हा केर आहे, याच्यात काही नाही'. ते तोंडावर सांगतात, 'हा राहणार'. माझ्या मते आपली पद्धत जास्त चतुर आहे, त्यांची जास्त हट्टी.

बेलग्रेडवाली_वहिनी
फसवण्याची पद्धत त्यांच्याकडेही आहे, फक्त उलटी. पोर दगड नाही, लांडगा! त्यांचा भाषासुधारक वूक कारादजिच, जन्म १७८७, त्र्शिच गाव. आधीची भावंडं तान्ही असतानाच गेली. ती चेटकिणींनी खाल्ली असं घरच्यांना वाटे. म्हणून याचं नाव वूक ठेवलं. चेटकीण लांडग्याच्या वाटेला जात नाही म्हणे.

खारा_शेंगदाणा
बघा! मी दुसऱ्याच प्रतिसादात विच म्हणजे चेटकीण म्हणालो होतो. माझी कुणी माफी मागणार आहे का?

कोकणातला_म्हातारा
वूक म्हणजे संस्कृत 'वृक' काय? मग भीमाचं 'वृकोदर'? लांडग्याच्या पोटाचा?

रिकामा_डबा
हो आजोबा, तोच वृक. मराठीत आपण लांडगा म्हणायला लागलो आणि वृक फक्त भीमाच्या पोटात उरला.

चौथा_मजला
हा कारादजिच व्हिएन्नातच राहायचा ना? ट्रॅमच्या वाटेवर नावाची पाटी वाचल्यासारखी वाटते.

बेलग्रेडवाली_वहिनी
हो, आयुष्याचा मोठा भाग तिथेच गेला. त्याचा शब्दकोशही १८१८ साली व्हिएन्नातच छापला. १८६४ मध्ये तिथेच वारला, अस्थी १८९७ साली बेलग्रेडला नेल्या. 'बोलतोस तसं लिही, लिहिलंय तसं वाच' हा त्याचा नियम. म्हणून त्यांच्याकडे परकी नावंही उच्चाराप्रमाणेच लिहितात, अगदी आपल्यासारखी. शेक्सपिअर तिकडे 'शेक्सपिर' असा छापतात. आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, पण इंग्रजांना घाम फुटतो.
आणि नावाचं बघा. बापाचं नाव स्तेफान, म्हणून तो स्वतःला 'वूक स्तेफानोविच' लिहायचा. कारादजिच हे कुळाचं. स्तेफानोविच तेव्हा आडनाव नव्हतं, अमक्याचा मुलगा एवढंच. पुढच्या पिढीत बदललं असतं.

दुरून_डोंगर
मग ते गोठलं कधी? प्रत्येक पिढीत बदललं तर सरकारची पंचाईत.

रिकामा_डबा
सरकारचीच पंचाईत झाली म्हणून गोठवलं. १८५१ साली सर्बियन संस्थानानं कायमची आडनावं ठरवण्याचा हुकूम काढला. करवसुली, सैन्यभरती, रजिस्टरं, सगळ्याला स्थिर नाव हवं होतं. ज्या घराला ज्या पूर्वजाची आठवण होती, त्याचं नाव कायमचं चिकटलं. कुणाचा आजा स्तोयान, कुणाचा योवान, कुणाचा पेतार. योवान हे तर जॉनचंच रूप, ख्रिस्ती नावांत सगळ्यांत लाडकं, म्हणून आज सर्बियात योवानोविच पहिल्या नंबरावर आहे.
म्हणून चौथा_मजला, तुमच्या पाटीवरच्या दोन पेत्रोविचांचा एकमेकांशी संबंध असायची गरजच नाही. दोन वेगळ्या गावांत दोन वेगळे पेतार होते, बस.

वऱ्हाडी_ठेचा
काऊन भौ, मंग यायची सोयरीक कशी जुयते? आडनाव सारखं असन अन् भाऊबंद नसन तं लय घोळ. आमच्याकडे आडनाव सांगितलं का पहिला सवाल, "कोनतं गाव?"

बेलग्रेडवाली_वहिनी
@वऱ्हाडी_ठेचा भौ, लाखातला प्रश्न विचारला. त्यांचा पहिला सवाल असतो, "तुमची स्लावा कोणती?" प्रत्येक घराचा एक संत असतो, त्याच्या दिवशी घरात सण. बापाकडून मुलाकडे जातो. आपल्या कुलदैवतासारखंच समजा. आडनाव आणि स्लावा दोन्ही जुळलं तर चौकशी सुरू, नाहीतर नुसता नामसाधर्म्य. २०१४ साली युनेस्कोच्या वारसा यादीत ही प्रथा गेली.

मोरपिशी
सगळी आडनावं बापांचीच का? आईचं नाव कुणी घेतलंच नाही?

निशची_वारी
घेतलं. २०१९ मध्ये सर्बियात फिरलो, तेव्हा भारतीयांना व्हिसा लागत नव्हता (२०२३ पासून लागतो). निश शहरात कवट्यांचा मनोरा आहे. १८०९ साली चेगारच्या लढाईत स्तेवान सिंजेलिच नावाचा सरदार शेवटी दारूगोळ्याला बार लावून स्वतःसकट उडाला. तुर्कांनी मेलेल्या सर्बियनांच्या कवट्या भिंतीत चिणल्या. मूळ ९५२ होत्या, आता ५८ उरल्यात. बाहेर चाळीस अंश ऊन आणि आत गारठा. मी दोन मिनिटांत बाहेर आलो, बायको पंधरा मिनिटं आत होती.
तर या सिंजेलिचच्या आईचं नाव सिंजेलिया. बाप लवकर गेला, आईनं दुसरं लग्न केलं, पोरगा तिच्याबरोबर गेला आणि लोक त्याला तिच्या नावानं ओळखायला लागले. सिंजेलियाचा, म्हणून सिंजेलिच.

मोरपिशी
आईच्या नावाचं आडनाव घेऊन असा शेवट. अंगावर काटा आला.

खारा_शेंगदाणा
विषय जड झाला. कुणी हलकं काहीतरी टाका.

शिंप्याचा_सोन्या
आमच्या धंद्यातलं हलकं. त्यांच्यात 'तेर्झिच' आडनाव आहे. तुर्की 'तेर्झी' म्हणजे शिंपी. तो तुर्कीत आला फारसी 'दर्झी'वरून. आणि तोच फारसी दर्झी आपल्याकडे 'दर्जी' झाला. म्हणजे तेर्झिच म्हणजे दर्ज्याचा बारका. तिकडे गेलो तर काम मिळेल का?

रिकामा_डबा
तुर्की राजवट काही शतकं होती, त्यामुळे अशी भरपूर. 'हाजिच' तर आणखी मजेशीर. हा हाजी मुसलमानच असेल असं नाही. जेरुसलेमची यात्रा करून आलेल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्त्यालाही हाजी म्हणत. १८१४ च्या बंडाचा पुढारी हाजी प्रोदान ख्रिस्तीच होता.
आणि एक इशारा. 'इच' दिसला की सर्बियन, असं समजू नका. क्रोएशियन, बोस्नियन, मॉन्टेनेग्रोचे लोक, सगळ्यांत इच आहे. कुणाला चुकीचं म्हणालात तर पाय आपटण्यावर भागणार नाही.

दुरून_डोंगर
आणि सर्बियन असून इच नसलेले? तेस्ला?

रिकामा_डबा
वाटच बघत होतो.
निकोला तेस्ला, जन्म १८५६, स्मिल्यान, आजच्या क्रोएशियात. बाप सर्बियन ऑर्थोडॉक्स पाद्री. म्हणजे पोपोविच व्हायला काही हरकत नव्हती. पण आडनाव तेस्ला. सर्बियनमध्ये 'तेस्ला' म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार, आपला वाकस. 'तेसाती' म्हणजे तासणं. संस्कृतात 'तक्ष्', तक्षन् म्हणजे सुतार. आणि तक्ष्-वरूनच आपलं 'तासणे' आलं.
तेस्ला आणि तासणे सख्खे चुलत भाऊ.

कोकणातला_म्हातारा
थांबा. माझे वडील सुतारकाम करायचे. दुपारी अंगणात फणसाचा सोट आडवा टाकून वाकसानं तासत बसायचे, ढलप्या पार विहिरीपर्यंत उडायच्या. त्या आम्ही चुलीला वेचायचो. आणि तुम्ही म्हणता तो वाकस म्हणजे तेस्ला? साठ वर्षं तेस्ला आमच्या पडवीत खुंटीला टांगलेला होता?

खारा_शेंगदाणा
आजोबा, गाडीची कंपनी तुमचीच.

धर्मरक्षक_०७
मी म्हटलंच होतं, सगळं संस्कृतातून.

रिकामा_डबा
😐

बेलग्रेडवाली_वहिनी
बेलग्रेडच्या विमानतळाला तेस्लाचं नाव आहे, शंभर दिनारच्या नोटेवर त्याचं चित्र. मी सहा वर्षं ती नोट हाताळली आणि 'तासणे' एकदाही सुचलं नाही. डबा, मानलं.

दुरून_डोंगर
आपली आडनावं 'कर' लावून गावाची, यांची माणसाची. त्यांच्याकडे गावावरून काहीच नाही?

रिकामा_डबा
आहेत, पण आपल्याइतकी नाहीत. 'सारायलिच' म्हणजे सारायेवोचा. सारायेवोमधला 'सराय' म्हणजे तुर्की वाडा. तोच आपल्या मुघलसरायमधला. आज बस.

चौथा_मजला
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, अहवाल. शनिवारी आजोबांकडे कॉफी झाली. तुर्की कॉफी, पितळी जेझ्वेत (लांब दांड्याचं कॉफीचं भांडं) उकळलेली, तळाशी गाळ. तुमचं सगळं वाचून गेलो होतो, म्हणून विचारलं, "स्तोयान म्हणजे राहू दे, असं का?"
आजोबा गप्प झाले. मग म्हणाले, त्यांच्या खापरपणजीची दोन मुलं लहानपणी गेली. तिसऱ्याचं नाव स्तोयान. तो ऐंशी पार जगला, त्याच्या नावानं आडनाव पडलं. "तो राहिला, म्हणून मी," असं म्हणून पुन्हा पाय आपटला, या वेळी जमिनीवर, जरा जोरात. वरच्या मजल्यावरची इलिच बाई ओरडली असणार.
मी 'धोंडू' समजावून सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की कागदावर लिहून घेतलं. त्यांच्या लिपीत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, अगदी बरोबर.
आता प्रश्न. बोलता बोलता दोनदा म्हणाले की त्यांची स्लावा संत निकोलाची, १९ डिसेंबरला. पण ये असं काही म्हणाले नाहीत. मग सांगितलं कशाला?

बेलग्रेडवाली_वहिनी
हेच बोलावणं! स्लावेला कुणी आमंत्रण देत नाही. तारीख कळली की आपण जायचं. दोनदा सांगितली म्हणजे आग्रहाचं.
फुलं नेणार असाल तर विषम संख्येत, सम फुलं मयताला. दारात शिरलात की उकडलेल्या गव्हाचं, साखर-अक्रोड घातलेलं 'झितो' देतील, एक चमचा घ्यायचा. आणि १९ डिसेंबर त्यांच्या नाताळाआधीच्या उपवासात येतो, म्हणून जेवण उपवासाचं. दूध नाही, अंडं नाही, मटण नाही. मासे चालतात.

कोकणातला_म्हातारा
उपवासाला मासे! ह्या धर्मात कसा जायचा, फॉर्म असतो का?

चौथा_मजला
मी शाकाहारी. रिकाम्या हातानं जायला बरं वाटत नाही. उकडीचे मोदक नेले तर? नारळ, गूळ, तांदळाची पिठी. दूध नाही, अंडं नाही.

बेलग्रेडवाली_वहिनी
चालतील. पण तूप दुधाचंच. वरून धार घालायची नाही, पिठीलाही तेलाचा हात लावा.

मोरपिशी
तुपाशिवाय मोदक??

वऱ्हाडी_ठेचा
ॲडमिन कुठं हायेत? धागा बंद करा.